विंगेतल्या मुलांची शाळा



पाऊस ओसरला की गोव्यात गावोगावी तालमी सुरू होतील आणि कार्तिकापासून शिगम्यापर्यंत देवळांसमोर उत्सवी नाटकं रंगतील. नट आपल्याच वाड्यावरचे असतात. पडदे, लाईट आणि साउंड मात्र भाड्याने येतात, आणि त्यांच्याबरोबर टेंपोतून तीन-चार मुलगेही येतात. एरवी या सदरात मी मोबाइल नि संगणकाबद्दल लिहितो; आज या मुलांच्या शिक्षणाबद्दल.

गेल्या मोसमात एका गावात लाईट बांधताना त्यांतल्या एकाला लोखंडी शिडीवर शॉक बसला. तो वाचला, पण महिनाभर हात कामाचा राहिला नाही. नाटक अर्धा तास उशिरा सुरू झालं, एवढंच गावाच्या लक्षात राहिलं. मुलगा नवखा नव्हता, सहा वर्षं हेच काम करतोय. पण सगळं बघून बघून शिकलेला. बघून 'कसं' ते कळतं; 'का' ते कुणीतरी समजावून सांगावं लागतं.

म्हणून यंदा जून-जुलैत, नाटकं बंद असताना, मी आणि माझ्या एका इलेक्ट्रिशियन मित्राने चार रविवार अशा नऊ मुलांचा वर्ग घेतला.

पहिले दोन रविवार फक्त विजेचे. हजार वॅटचे बारा जुने पारलाईट म्हणजे बारा हजार वॅट. त्याला २३० व्होल्टने भागलं की साधारण ५२ अँपिअर. घरातला मोठा सॉकेट १६ अँपिअरचा असतो. हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर एक जण म्हणाला, "म्हणूनच वायर गरम होते तर!" मग अर्थिंग, आणि मग एमसीबी व आरसीसीबी यांतला फरक. मित्राने एका वाक्यात सांगितलं, "एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस." ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला तेवढी गळती जाणवली, तरी तो पुरवठा तोडतो.

तिसरा रविवार माझ्या आवडीचा. आताचे एलईडी लाईट डीएमएक्सवर चालतात. एका लाईनवर ५१२ चॅनेल, प्रत्येकाला ० ते २५५ मधला एक आकडा. सात चॅनेलचा लाईट १ नंबरला लावला, तर दुसऱ्याचा पत्ता ८ पासून. हे घर क्रमांकांसारखं आहे, म्हटल्यावर पोरांनी पटापट पत्ते काढले. लाईट उगाच फडफडले की ती आजवर कंट्रोलरला दोष देत. खरं कारण बहुधा माइकची केबल वापरणं, किंवा शेवटच्या लाईटला १२० ओहमचा टर्मिनेटर न लावणं. पुष्कळदा काही रुपयांच्या रेझिस्टरने काम भागतं. चौथ्या रविवारी शिडी, गाठी आणि टांगलेल्या प्रत्येक लाईटला दुसरी सुरक्षा साखळी.

तिसऱ्या रविवारी एक मुलगा आला नाही. त्याला लग्नाच्या हॉलवर काम मिळालं होतं. खरी अडचण इथेच आहे. शिकण्याचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे आणि तिथे रंगतंत्रही शिकवतात. पण तो पदवीनंतरचा तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम. दहावीनंतर टेंपोत चढलेल्या मुलाला तो कसा परवडणार? केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत अनुभव तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, तिचा फायदा जरूर घ्यावा. पण प्रमाणपत्र म्हणजे मुख्यतः येतं त्याची पावती. न कळलेलं 'का' शिकवायला चार दिवस कुणीतरी द्यावेच लागतात, आणि त्या चार दिवसांची मजुरीही.

ती आपण देऊ शकतो. तुमच्यापैकी बरेच जण आता उत्सव समितीत आहात, कोटेशन तुमच्याच व्हॉट्सअॅपवर येतात. यंदा भाव विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: अर्थिंग आणि आरसीसीबी आहे का? आणि मुलांना कुणी शिकवलंय? उत्तर 'नाही' आलं, तर त्या कंत्राटदाराला टाळू नका. नाटकाच्या खर्चात पुढच्या पावसाळ्यासाठी त्याच्या दोन मुलांची चार दिवसांची मजुरी धरा. वर्ग घ्यायला आम्ही दोघे आहोत.

आणि हँडबिलावर नटांच्या खाली या मुलांची नावंही छापा. त्याला एक पैसाही जास्त लागत नाही.