बारावीनंतर फॉरेन्सिक घ्यायचं म्हणता, तर…

भंडारा जिल्ह्यातल्या बारावी सायन्स झालेल्या मुलामुलींनो, फॉरेन्सिक सायन्स जरूर शिका. पण टीव्हीवर पाहिलं म्हणून घेऊ नका. मालिकेत दोन मिनिटांत येणारा अहवाल खऱ्या प्रयोगशाळेत तपासण्या आणि नोंदी पुरत्या झाल्याशिवाय निघत नाही.

आपल्या जिल्ह्याला या शास्त्राची गरज कळून चुकली आहे. 29 सप्टेंबर 2006 रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. पहिल्या शवविच्छेदनावर आक्षेप आले, मृतदेह उकरून पुन्हा तपासावे लागले. खुनासाठी शिक्षा झाल्या. त्यांतल्या माय-लेकींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं मात्र न्यायालयात सिद्ध झालं नाही. सुरुवातीच्या काही तासांत पुरावा नीट उचलला गेला नाही, तर पुढे कितीही मोठी तपास यंत्रणा आली तरी तो परत मिळत नाही.

म्हणून हे काम हातांना लागलेल्या शिस्तीचं आहे. रक्ताळलेला शर्ट सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलाच कोंबला तर बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. विषबाधेची शंका असेल तर व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, साधारणपणे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, फॉर्मेलिनमध्ये नाही, कारण फॉर्मेलिनमुळे विष शोधणं अवघड होतं. बरणीवर सील, लेबल, आणि ती कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली याची नोंद. यातली एक सही राहिली, तरी उलटतपासणीत वकील तिथेच बोट ठेवतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) नुसार, सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं आहे. त्याची अंमलबजावणी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे माणसं लागणार. पण नुसत्या बीएस्सीवर नोकरी ठरलेली आहे असं कुणी सांगत असेल, तर विश्वास ठेवू नका. एमएस्सीची तयारी मनात ठेवूनच प्रवेश घ्या.

माझं आग्रहाचं सांगणं रसायनशास्त्राबद्दल आहे. विष, दारू, अमली पदार्थ, स्फोटकं, सगळ्याची तपासणी शेवटी केमिस्ट्रीवर येते. ती कच्ची असेल तर आधी पक्की करा. साधी केमिस्ट्रीची बीएस्सी करून पुढे फॉरेन्सिककडे वळणं हाही चांगला रस्ता आहे, घरचं बजेट बेताचं असेल तर अधिकच.

आईवडिलांनो, आपल्याला नागपूर जवळ आहे. तिथली शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आधी पाहून या. खाजगी कॉलेज असेल तर माहितीपत्रकावर जाऊ नका, प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणा. विद्यापीठाची संलग्नता कागदावर बघा. मागच्या बॅचची मुलं आज कुठे आहेत, ते त्यांनाच विचारा. आणि सरकारी प्रयोगशाळेतल्या वैज्ञानिक सहायक पदाची जुनी जाहिरात काढून तिच्यातली शैक्षणिक पात्रता फी भरण्याआधी ओळ न् ओळ वाचा.