समजून घ्या : देशाच्या वास्तुकलेची आधुनिक ओळख घडते कशी आणि पुसली जाते कशी?

दिल्लीच्या प्रगती मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ २०१७ च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत पाडण्यात आला. वास्तुरचनाकार राज रेवाल आणि संरचना अभियंता महेंद्र राज यांची ही इमारत १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात भरलेल्या ‘एशिया ७२’ या व्यापार मेळ्यासाठी उभी राहिली होती. जगभरच्या वास्तुतज्ज्ञांनी ती वाचवण्याची विनंती केली होती. तरीही ती वारशात का बसली नाही?

या इमारतीत विशेष काय होते?

आत एकही खांब नसलेले भव्य दालन हवे होते. असे छत त्रिकोणांच्या त्रिमितीय जाळीवर, म्हणजे ‘स्पेस फ्रेम’वर पेलतात. परदेशात ही जाळी पोलादी नळ्यांची असते. तेव्हा भारतात पोलाद महाग आणि दुर्मीळ, पण मजूर मुबलक होते. त्यामुळे तीच जाळी जागेवर, हातांनी काँक्रीट ओतून घडवण्यात आली. टंचाईवर शोधलेले उत्तर हेच तिचे सौंदर्य ठरले.

‘भारतीय’ म्हणजे घुमट आणि कमानी नव्हेत?

स्वातंत्र्यानंतर सरकारी इमारती कशा असाव्यात, याची दोन उत्तरे पुढे आली. बेंगळूरुच्या विधान सौधाने (१९५६) जुन्या राजवाड्या-मंदिरांची शैली घेतली. चंडीगडमध्ये ल कॉर्बुझिए यांनी भूतकाळाशी नाते न सांगणारे काँक्रीट आणले. मात्र उत्तरेतले ऊन अडवण्यासाठी खिडक्यांपुढे खोल पडद्याही रचल्या.

पुढच्या पिढीने तिसरी वाट काढली. मुंबईत पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा उपाय केला होता. चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवरील ‘कांचनजंगा’त (१९८३) तोच व्हरांडा दोन मजली उंचीची गच्ची म्हणून टॉवरच्या कोपऱ्यांत बसवला. बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादच्या ‘संगत’ कार्यालयाच्या अर्धगोल छतांवर चिनी मातीचे पांढरे तुकडे बसवून ऊन परतवले. लॉरी बेकर यांनी केरळमध्ये विटा उभ्या लावून, मधे पोकळी ठेवून भिंती बांधल्या. त्यात विटा कमी लागतात आणि घरही थंड राहते.

थोडक्यात, ओळख नक्षीतून नव्हे, तर हवामान, साहित्य आणि खिसा यांना दिलेल्या उत्तरातून घडली.

मग या इमारती धोक्यात का?

पहिले कारण नियमांचे. दिल्लीच्या वारसा समितीने ६० वर्षांपेक्षा कमी वयाच्या इमारतींचा विचार न करण्याची भूमिका घेतली. त्यामुळे ४५ वर्षांचा हॉल ऑफ नेशन्स वारशाच्या यादीबाहेरच राहिला.

दुसरे कारण तांत्रिक आहे आणि ते नाकारता येत नाही. काँक्रीटमध्ये ओल शिरली की आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. अहमदाबादच्या आयआयएममधील लुई कान यांच्या विटांच्या वसतिगृहांनाही गळती आणि भूकंपाने ग्रासले. १८ पैकी १४ वसतिगृहे पाडण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये झाला आणि टीकेनंतर काही दिवसांतच मागे घेतला गेला. मात्र वाद तिथे संपला नाही. पणजीत कोरिया यांच्याच कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचे छत जुलै २०२३ मध्ये, नूतनीकरण सुरू असताना कोसळले.

उपाय काय?

मुंबईने देशात प्रथम, १९९५ मध्ये वारसा इमारतींसाठी नियमावली केली. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या आर्ट डेको इमारतीही एकेकाळी ‘नव्या’च होत्या. नागरिकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये त्या युनेस्कोच्या यादीत गेल्या.

इमारतीचे महत्त्व वयावर नव्हे, तर तिने कोणता प्रश्न सोडवला यावर ठरायला हवे. सोबत दुरुस्तीचा निधी आणि काँक्रीट जाणणारे अभियंतेही हवेत. प्रत्येक इमारत जपता येणार नाही, हे खरेच. पण साठी गाठण्याआधीच पाडलेली इमारत वारसा ठरणार तरी कधी?