मोडीतील एक्सल आणि चोर्ल्याचा घाट



आपल्या सीमाभागातील कित्येक घरांच्या अंगणात आज बैलगाडीच्या जागी मालवाहू पिकअप उभी असते. बेळगावच्या बाजारातील भाजी चोर्ला घाटाने गोव्यात नेणारी ही वाहने. मुलांच्या शाळेची फी आणि बँकेचा हप्ता या फेऱ्यांवरच निघतो. म्हणून गेल्या महिन्यात अशाच एका घरी जे घडले, त्याविषयी आज थोडे विस्ताराने लिहितो. मी स्वतः हाती पाना धरला नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मेस्त्रींच्या शेजारी उभा राहून जे पाहिले आणि विचारले, तेवढेच येथे मांडीत आहे.

त्या घरच्या पिकअपचा मागील एक्सलचा शाफ्ट भर बाजाराच्या आवारात मोडला. गाडी मालाने भरलेली होती, वेग मात्र माणसाच्या चालीइतका. डावे चाक ड्रमसह वीतभर बाहेर सरकले आणि गाडी त्या कुशीवर बसली. हेच घाटातील वळणावर झाले असते तर, एवढे वाक्य घरच्या आईने उच्चारले. ते कोणी पुरे केले नाही.

मोडलेले टोक मेस्त्रींनी मला दाखविले. त्याचा अर्ध्याहून अधिक भाग गुळगुळीत होता आणि त्यावर, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा, वळणदार रेषा होत्या. उरलेला भाग खडबडीत आणि ताजा. याचा अर्थ असा की, तडा पुष्कळ दिवसांपूर्वी पडला होता आणि प्रत्येक जादा ओझ्यासरशी तो पुढे सरकत होता. शेवटचा तुकडा काय तो त्या दिवशी तुटला. पोलादही थकते. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला, तेव्हापासून या थकव्याकडे जाणत्यांचे लक्ष लागले. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखविले की, एका धक्क्याने न मोडणारे पोलाद त्याहून कितीतरी हलक्या भाराने, परंतु लाखो वेळा ताण दिल्यास मोडते. ‘आजवर तर काही झाले नाही’ असे म्हणून दोन क्विंटल जास्त भरणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

आणखी एक गोष्ट आपल्या घरातील वाहनापाशी जाऊन पाहण्यासारखी आहे. मागील एक्सल प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. मोठ्या ट्रकांच्या चाकाच्या मध्यभागी हब बाहेर आलेला असतो आणि त्यावर नटांचे निराळे वर्तुळ दिसते. तेथे वजन हाऊसिंग पेलते आणि शाफ्ट केवळ फिरविण्याचे काम करतो. तो मोडला तर गाडी थांबते, पण चाक जागेवर राहते. हलक्या वाहनांत मात्र बहुधा शाफ्टच ओझेही वाहतो आणि चाकही फिरवितो. तेथे शाफ्ट मोडणे म्हणजे चाक निखळणे. या घरची गाडी दुसऱ्या प्रकारची होती.

शाफ्ट तुटताना हाऊसिंगच्या टोकाची बेअरिंगची बैठकही खराब झाली होती, त्यामुळे नुसता नवा शाफ्ट घालून भागणार नव्हते. संपूर्ण नवा एक्सल घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा मोडीत निघालेल्या गाडीचा एक्सल आणण्याचे ठरले. यात कमीपणा काहीच नाही. समोरून ठोकर बसलेल्या गाडीचा मागचा भाग पुष्कळदा धडधाकट असतो. मागच्या चाकाला मार बसला असेल तर मात्र हाऊसिंग वाकल्याचा संशय धरावा.

मोडीच्या आवारात धाकट्या भावाला पहिलाच एक्सल पसंत पडला. रंग बरा, पाट्यांच्या बैठका जुळत होत्या, चाकाचे बोल्टही तितकेच. ‘दादा, हाच घेऊ या, परवा भाडे आहे,’ असे त्याचे म्हणणे. मेस्त्रींनी खिशातून खडू काढला. एका ड्रमला थोरल्याने घट्ट धरायचे, दुसरा ड्रम पुरते दोन फेरे फिरवायचा, आणि तेवढ्यात पुढील फ्लँजवरची खडूची खूण किती वेळा फिरते ते मोजायचे. खूण पावणेचार फेऱ्यांच्या किंचित आतच थांबली. घरच्या एक्सलवर हीच मोजणी चारहून थोडी अधिक येत होती. आत पाहिले तर क्राऊनला दाते ४१ आणि पिनियनला ११. घरच्याला ४१ आणि १०. म्हणजे प्रमाण ३.७३, आणि हवे होते ४.१०.

एका दात्याने काय बिघडते, असे धाकट्याने विचारले. प्रश्न मलाही रास्त वाटला. उत्तर असे की, त्या एका दात्याने चढावरची ओढ सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. आणि उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिनाने जो रोध मिळतो, तोही तितकाच घटतो. तो भार मग ब्रेकवर पडतो, आणि भरल्या गाडीचे ब्रेक लांब उतारावर तापत गेले की त्यांची पकड सुटत जाते. शिवाय वेगाचा काटा गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तो ४० दाखवील तेव्हा खरा वेग ४४ असेल. चारही चाकांना गती देणाऱ्या वाहनात तर पुढचे आणि मागचे प्रमाण न जुळल्यास यंत्रेच मोडतात.

दुसरा एक्सल तिसऱ्या दुकानात मिळाला. मोजणी जुळली. त्यातील तेलाचे चार थेंब पांढऱ्या कापडावर घेतले. चकाकणारे लोखंडी कण नव्हते, की दुधाळ रंगही नव्हता. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरलेले. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण पाहिला आहे, तेव्हा अशा वाहनांची दशा सांगावयास नको. पावती मात्र आधी मागितली, तिच्यावर मूळ गाडीचा क्रमांक लिहून घेतला. चोरीचा माल आहे हे ठाऊक असता, किंवा तसे मानण्यास कारण असता तो घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. आणि सातवी आज्ञा पाठ असलेल्या घरांना कलम सांगण्याची वेळ येऊ नये.

बसविण्याचे काम दीड दिवस चालले. पुढच्या चाकांना ओंडके लावले, चेसिसखाली दोन्ही बाजूंना भक्कम घोड्या दिल्या. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली मेस्त्रींनी कोणालाच वाकू दिले नाही. एवढा अवजड एक्सल दोघांनी अंदाजाने ओढण्याचा नव्हे, त्याखालीही चाकाचा जॅक होता. पाट्यांचा सेंटर बोल्ट बैठकीच्या भोकात नेमका बसला आहे, हे दोनदा पाहिले. यू-बोल्ट जुने चालत असतानाही नवे घातले, कारण एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तशी पकड देईलच असे नाही. तेलाचे सील नवे, ब्रेकचे लायनर नवे, ब्रेकची रबरी नळी नवी. येथे थोरल्या भावाचा चेहरा उतरला, कारण स्वस्ताईचा बराच भाग इथेच खर्ची पडला.

हाऊसिंगच्या माथ्यावर अंगठ्याएवढे एक श्वासछिद्र असते. ते चिखलाने बुजलेले होते. तेल तापले की आतील हवा फुगते. तिला वाट न मिळाल्यास ती सीलमधून तेल बाहेर ढकलते, आणि ते तेल थेट ब्रेकच्या लायनरवर जाते. दोन मिनिटांत साफ होणारी ही वस्तू आहे. पुढच्या वेळी गाडी धुताना आपापल्या मुलांना ती शोधून काढावयास सांगा.

ब्रेकमधील हवा काढून, भरणीच्या छिद्रापर्यंत तेल भरून गाडी प्रथम रिकामीच, सपाट रस्त्यावर फिरविली. परतल्यावर मेस्त्रींनी दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन ऊब सारखी आहे की नाही ते पाहिले. यू-बोल्ट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घेण्याचे बजावले, आणि ते थोरल्याने खरोखरच आवळून घेतले. परवाचे भाडे बुडाले. ते शेजारच्या गाडीला गेले. आठवड्याने ही गाडी पहिल्यांदा घाटाने गेली, तेव्हा ताडपत्रीखाली माल नेहमीपेक्षा दोन क्विंटल कमी होता, असे आईने मला सांगितले. मोडलेला शाफ्ट गावच्या लोहाराने मागून नेला आहे. त्याची पहार चांगली होते म्हणे.