‘हलका पाऊस’ कोणासाठी हलका?

मार्चमध्ये पश्चिमी विक्षोभ आला की जोधपूर, बाडमेर, जालोर या मरुप्रदेशातील हवामान एकाच आठवड्यात अनेक रूपे दाखवते: दुपारी रणरणते ऊन, सायंकाळी धुळीचे वादळ, मग ढग आणि चार शिंतोडे. कृषी हवामान सल्ल्यात त्याची नोंद ‘हलका पाऊस’ अशी होते. गव्हापुरती ती ठीक असेल. इसबगोलाच्या शेतकऱ्याची मात्र ती दिशाभूल करते. पक्व इसबगोलाच्या दाण्यावरील भुसी पाणी लागताच फुगून चिकट होते, दाणे गळतात आणि एका सरीत हंगाम हातचा जातो. जिऱ्यावर करपा पसरण्यास तर नुसते ढगाळ, दमट हवामानही पुरते.

म्हणून सल्ला मिलिमीटरवर नव्हे, पिकाच्या अवस्थेवर बेतला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मंगळवार-शुक्रवारच्या सल्ल्यातील ती एक ओळ विस्तार कार्यकर्त्याने गावातील पिकांनुसार उलगडून सांगावी: पक्व इसबगोल आधी काढा, कापलेले जिरे ताडपत्रीखाली घ्या. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत कापून शेतात पसरलेल्या विमाधारक पिकाला अवकाळी पावसापासून १४ दिवसांपर्यंत संरक्षण आहे. मात्र नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. हेही त्याच संदेशात, पावसाआधीच, कळवावे.