पृथ्वीगोल कपाटाबाहेर काढा

मिरजेसारख्या जंक्शनच्या गावात वाढलेल्या मुलाला अंतर म्हणजे रुळांची लांबी वाटते, आणि त्यात त्याची चूक नाही. रूळ जिथे टाकले तिथूनच गाडी जाणार. विमानाला मात्र रूळ नाहीत. मग मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर कोणत्या वाटेने मोजायचे?

वर्गात मर्केटर पद्धतीचा जगाचा नकाशा असेल, तर त्यावर या दोन शहरांमध्ये पट्टीने रेघ ओढा. ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून जाईल. या वाटेची प्रत्यक्षातली लांबी गणिताने सुमारे १४,२०० किलोमीटर येते. आता पृथ्वीगोल घ्या आणि त्याच दोन शहरांवर दोरा ताणून धरा. सतारीची तार ताणली की तिच्यातला बाक जातो, हे आमच्या मिरजेत कोणीही सांगेल. दोराही तसाच सरकत सरकत जवळची वाट धरील. पण ही वाट पाहा कशी! मध्य आशियावरून मॉस्कोच्या आसपास, तेथून स्वीडन, आइसलंडजवळचा समुद्र, ग्रीनलंडचे दक्षिण टोक आणि मग न्यूयॉर्क. हा बृहद्वृत्ताचा कंस होय. त्याची लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर. म्हणजे नकाशावरची ‘सरळ’ रेघ तब्बल १,७०० किलोमीटरांनी लांबची. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जवळजवळ दोन तासांचा फेरा!

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. पुष्कळ शाळांत पृथ्वीगोल कपाटात कुलूपबंद असतो. मुले फोडतील म्हणून. फोडली तर फोडू द्या. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटरांच्या आसपास भरतो की नाही, हे मुलांनाच मोजू द्या. मोबाइलवर हा आकडा क्षणात मिळतो, हे खरे. पण नुसत्या आकड्यावरून ग्रीनलंड वाटेत का आले, हे कळत नाही. ‘हा तर भूगोलाचा विषय’ असे म्हणून आम्ही पदार्थविज्ञानवाले हात झटकतो, तेही मला पटत नाही.

अर्थात विमान नेहमी दोऱ्याबरहुकूम जातेच असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घालावा लागला. शिवाय वारा आहेच. या अक्षांशांत फार उंचावर वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून न्यूयॉर्कला जाताना वेळ जास्त लागतो, परतताना कमी.

येथे एक गंमत आहे. विमानाचा वेग ताशी ९०० व वाऱ्याचा १०० किलोमीटर धरा. जाताना ताशी ८००, येताना १,०००. जाताना जेवढे गमावले तेवढे येताना परत मिळते का? आधी अंदाज सांगा, मग भागाकार करा.