पेट-सीटी : हवी तिथे, हवी तेव्हा

कर्करोगाचे उपचार संपले तरी ‘तो उलटला तर?’ ही धास्ती घर सोडत नाही. मग ‘एकदा पेट-सीटी करून टाकू’ असा आग्रह सुरू होतो. सीटी गाठीची जागा दाखवते, पेट तिच्यातल्या पेशी साखर किती ओढतात ते दाखवते. जोडतपासणीचे मोल यातच आहे. डोके-मानेच्या कर्करोगात केमो-रेडिएशननंतर 12 आठवड्यांनी ती केल्यास मानेच्या बहुतेक शस्त्रक्रिया टळतात आणि जगण्याची शक्यता घटत नाही, हे ब्रिटनमधील चाचणीने 2016 मध्ये दाखवले. घाई केली, तर साखर ओढणारी रेडिएशनची सूजच पेटमध्ये चमकते. आपल्याकडे क्षयाची गाठही तशीच चमकते. शंका आली तर बायोप्सीच हवी. स्तनाच्या कर्करोगानंतर लक्षणे नसताना नियमित पेट-सीटीची शिफारसच नाही, तरी चिठ्ठ्या लिहिल्या जातात!

खरी गरज असलेल्यांची अडचण वेगळी. तपासणीसाठी टोचायच्या औषधातले किरणोत्सारी फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मे होते. ते बनवणारे सायक्लोट्रॉन यंत्र दूर, तर मात्रा वाटेतच विरते. आडगावच्या रुग्णाने उपाशीपोटी शहर गाठायचे, सुई घेऊन तासभर निपचित पडायचे, मग परतीची गाडी शोधायची. शासनाने नवी यंत्रे घेण्याआधी औषध पोचवण्याची सोय करावी आणि डॉक्टरांनी विनाकारण चिठ्ठी लिहिणे थांबवावे.