बियाण्याची पावती हीही पेरणीचीच तयारी

बाजारातून आणलेला कंदील पेटला नाही, तर तो दुकानदाराकडून बदलून घेता येतो. बियाण्याची गोष्ट निराळी आहे. ते एकदा मातीत गेले की परत करण्यास काही उरत नाही. आणि उगवण झाली नाही हे कळेपर्यंत पेरणीची ओलही निघून जाते. दर्यापूरसारख्या खारपाणपट्ट्यातील तालुक्यात, जेथे जमिनीतील पाणी खारे, तेथे खरिपाची सारी भिस्त पावसावर. अशा वेळी दुसरी पिशवी मिळाल्याने मशागत, खत, मजुरी आणि गेलेला हंगाम भरून निघत नाही.

सन २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी महाराष्ट्रात झाल्या. बियाणे अधिनियम, १९६६ अन्वये दोषी विक्रेत्यास शिक्षा होऊ शकते. परंतु शेतकऱ्यास भरपाई देण्याची तरतूद त्यात नाही. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच असून तो ग्राहक मंचाकडे भरपाई मागू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्कही लागत नाही.

मात्र हक्क पुराव्यावाचून पांगळा असतो. यास्तव शेतकरी बंधूंनी पक्की पावती घ्यावी व तीवर वाण आणि लॉट क्रमांक लिहून घ्यावा. पिशवी, तिचे लेबल व मूठभर बियाणे राखून ठेवावे. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहावेत. सोयाबीनचे सत्तरांहून कमी उगवल्यास पेरणी थांबवावी. खोल पेरणी अथवा अपुरी ओल यांचा दोष बियाण्यावर घालणेही न्यायाचे नव्हे. या चाचणीने खरे कारण उघड होते.

उगवण न झाल्यास तालुका कृषी अधिकाऱ्याकडे त्वरित लेखी अर्ज द्यावा, आणि तक्रार निवारण समितीच्या पाहणीनंतर पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. शेत मोडून दुबार पेरणी केल्यावर पाहण्यास काहीच राहत नाही. म्हणून पाहणी तातडीने घडवून आणणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे पहिले कर्तव्य होय. नव्या वाणाची शिफारस करणाऱ्याने तो वाण फसल्यास शेतकऱ्याचा अर्जही लिहून द्यावा; त्याखेरीज त्याच्या शिफारशीवर गावाचा विश्वास बसणार नाही.